ही दोन पानं कुणाची? बडोद्याच्या एका बालवर्गातलं मोजणीचं प्रकरण

चिकू जूनमध्ये आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांचा होता आणि शंभरापर्यंत न अडखळता म्हणत होता. हे त्याचं खरं नाव नाही. डब्यात रोज चिकूच्या फोडी असायच्या म्हणून पोरांनीच ते ठेवलं. पहिल्या दिवशी आजोबा सोडायला आले आणि चप्पल काढायच्या आधी त्यांनी त्याला म्हणून दाखवायला लावलं. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, जिथे मोठी माणसंही मनातल्या मनात चाचपडतात, तिथेही गडी थांबला नाही. "ताई, गणिताचं काही बघायला नको," आजोबा म्हणाले. "तुम्ही फक्त लिहायला बसवा."

आठवडाभराने मी चिंचोक्यांची वाटी पुढे केली आणि म्हटलं, "चिकू, मला तीन चिंचोके दे."

त्याने मूठ भरली आणि माझ्या हातावर रिकामी केली. अकरा होते.

"तीन आहेत का रे?"

"हो." जराही शंका नाही.

आमचा वर्ग दांडिया बाजारच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर भरतो. मुलं चौदा, वय साडेतीन ते पाच. सात घरांत मराठी, पाच घरांत गुजराती, दोन घरांत हिंदी. मी आणि एक मावशी. पुढे छोटं अंगण आहे, त्यात तुळस, जास्वंद आणि मावशींच्या फोडणीसाठी कढीपत्त्याची मोठी कुंडी. ही कुंडी पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आताच सांगून ठेवते.

मी इथल्याच विद्यापीठाच्या होमसायन्सला शिकले. फॅकल्टीचं नाव केव्हाच बदललं, पण बडोद्यात अजून सगळे होमसायन्सच म्हणतात. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याचा अभिमान इथल्या प्रत्येक मराठी घरात अजून तूप-मिठासारखा वाढला जातो. आणि इथून फार लांब नाही त्या भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं. आपल्या ताराबाई मोदक त्यांच्याबरोबर तिथे काम करून मग बोर्डी-कोसबाडला गेल्या. म्हणजे लहान मुलाच्या हातात वस्तू द्यावी, पाटी नंतर द्यावी, हे या मुलखाला शंभर वर्षांपूर्वी सांगून झालंय. तरी जूनमध्ये माझ्याकडे येणारा पालक पहिला प्रश्न विचारतो तो वहीचाच.

आता अकरा चिंचोक्यांचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी मी शांतपणे, कुणी आजूबाजूला नसताना, पुन्हा विचारलं. एक मागितला, एक दिला. दोन मागितले, दोन दिले, आणि तेही बघून, नीट. तीन मागितले, मूठ. चार मागितले, मूठ. पाच, तीच मूठ. मग मी पाच चिंचोके ओळीत मांडले आणि म्हटलं, मोज. त्याने बोट ठेवत मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. अगदी बरोबर. "मग किती आहेत?" यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वैतागून "शंभर!" म्हणाला.

हे काही चिकूचं वैगुण्य नाही. केरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास नेमकं हेच तपासलं होतं, मुलाला ढिगातून "इतके दे" म्हणायचं आणि तो किती देतो ते बघायचं. मुलं आधी फक्त 'एक'चा अर्थ धरतात, मग काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. त्या वेळी तोंडाने ती वीस-तीस म्हणत असली तरी. सगळ्या संख्यांची किल्ली हाताला लागायला साधारण वर्ष जातं. त्याच्याही आधी, १९७८ साली, गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी मोजणीत कोणकोणत्या समजुती दडलेल्या असतात ते वेगवेगळं मांडलं होतं: एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या. चिकूकडे पहिल्या दोन होत्या. तिसरी नव्हती. त्याच्यासाठी 'पाच' हे पाचव्या चिंचोक्याचं नाव होतं.

आपल्याकडे याला आणखी एक गंमत आहे. पाढे. आजोबांनी बेचा पाढा पक्का करून घेतला होता, बे एके बे, बे दुणे चार. मराठी पाढ्यातला हा 'बे' म्हणजे गुजरातीतला रोजचा 'दोन'. शेजारच्या गुजराती मुलीने "बे आप" म्हणून दोन ठोकळे मागितले तर हा तिच्याकडे बघून पुढचं म्हणायचा, "दुणे चार."

पुस्तक कोणतं घ्यायचं हे मी चिकूकडे बघून ठरवलं नव्हतं. पावसाळ्यात दर वर्षी आम्ही एक चित्रपुस्तक तीन आठवडे धरून ठेवतो. यंदा एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' होतं, १९६९ सालचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अंड्यातून निघालेली एक अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी दहा वेगवेगळे पदार्थ हाणते आणि पोट दुखवून घेते. रविवारी एक हिरवं पान खाऊन बरी होते. मग कोष, मग फुलपाखरू. कार्ल यांना ही कल्पना सुचली ती कागदांच्या गठ्ठ्यावर पंचिंग मशीनने भोकं पाडताना. आधी त्यांच्या डोक्यात पुस्तकातली कसर होती, अळी सुचवली ती त्यांच्या संपादक ॲन बेनेड्यूस यांनी. वेगवेगळ्या रुंदीची आणि भोकं पाडलेली पानं अमेरिकेत परवडेना म्हणून पहिली छपाई जपानमध्ये करावी लागली.

तर मुद्दा त्या भोकांचा. प्रत्येक फळाला एक भोक, आणि भोक नेमकं मुलाचं बोट जाईल एवढं. दोन पेअर, दोन भोकं. पानंही वाराबरोबर रुंद होत जातात, म्हणजे शुक्रवार सोमवारपेक्षा मोठा असतो हे हाताला कळतं. 'एका वस्तूला एक' हा धडा या पुस्तकात शब्दांनी कुठेच दिलेला नाही, तो पुठ्ठ्यात कापलेला आहे. मी इतकी वर्षं ते वाचून दाखवत होते आणि बोट घालायला देत होते ते मजा म्हणून. चिकूच्या अकरा चिंचोक्यांनंतर पहिल्यांदा त्या भोकांकडे नीट पाहिलं.

पहिला आठवडा तसा फसलाच.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेला एक तयार संच पडून होता, छापील अळी, छापील फळं, 'कापा आणि चिकटवा'. तो काढला. अर्ध्या तासात चौदा सारख्या अळ्या तयार झाल्या, आणि त्यातल्या नऊ मावशींनी आणि मी केलेल्या होत्या. मग अंड्यांच्या ट्रेची अळी करू म्हटलं, जगभर बालवाड्यांत करतात ती. दुसऱ्या दिवशी एक आजी दारात, "बेन, इंडानी ट्रे?" त्यांच्या घरात ते चालत नाही, आणि बडोद्यात बसून हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. ट्रे गेले भंगारात. त्याऐवजी मावशींनी जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्या आणल्या, त्यांना हिरवी लोकर गुंडाळली आणि एका लांब मोज्यात एकेक सरकवली. मोजा हाताने ढकलला की अळी खरोखर आकसत-लांबत चालल्यासारखी दिसायची. ट्रेच्या अळीपेक्षा शंभरपट चांगली. श्रेय पूर्ण मावशींचं.

चित्रांसाठी उत्तरायणचे फाटके पतंग होते, मी ते जानेवारीत गोळा करून ठेवतेच. कार्ल पातळ कागदावर आधी रंग फिरवत आणि मग तो कापून चिकटवत. पतंगाचा कागद जवळपास तसाच, फक्त ओला झाला की हातात येतो. आमच्या मुलांनी मैद्याची खळ एवढी थापली की पहिल्या दिवशी सगळ्या सफरचंदांचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी खळ वाळलेल्या पुठ्ठ्यावर लावायची आणि कागद कोरडाच वरून ठेवायचा असं केलं, आणि जमलं. एवढंच. रंगकामावर जास्त लिहीत नाही, कारण चिकूला त्यात रस नव्हता आणि मला या वेळी चिकूवर नजर ठेवायची होती.

त्याला रस आला तो नाडीत. पुठ्ठ्याची फळं कापून प्रत्येकात एक भोक पाडलं, वारानुसार पाच वेगवेगळ्या दोऱ्यांवर टांगली, आणि बुटाच्या नाडीच्या एका टोकाला लोकरीचं डोकं बांधलं. नाडीची अळी भोकातून आत, बाहेर, पुढच्या फळात. चिकू गुरुवारची चार फळं ओवत होता. ओवताना मोजत होता, एक, दोन, तीन, चार. फळं संपली. नाडी उरली होती, म्हणून तो नाडी ओढत राहिला, पाच, सहा, सात. मोठ्या वेणीवाली एक मुलगी शेजारी बसली होती, वर्गातली सगळ्यात हुशार. ती म्हणाली, "अरे, संपली ना!" तो क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि आठ म्हणाला. मी काही बोलले नाही. बोलायचा मोह फार होतो अशा वेळी.

फळांवरून एक तक्रारही आली. शनिवारच्या पानावर सलामी आणि सॉसेज आहे. एका आईने फोन केला, सौम्यपणे, पण केला: "ताई, ते पान तुम्ही गाळता का?" गाळत नाही, म्हटलं. अळी काय काय खाते ते त्या पुस्तकातलं, आपण काय खातो ते आपलं. मात्र आमची शनिवारची यादी मुलांनीच केली आणि ती भिंतीवर लागली: शेवउसळ, लीलो चेवडो, जलेबी, पुरणपोळी, श्रीखंड, खांडवी वगैरे दहा पदार्थ. खांडवीला मराठी मुलं सुरळीची वडी म्हणाली आणि ती एकच की दोन वेगळ्या यावर पाच मिनिटं भांडण झालं, शेवटी दोनदा चिकटवली. म्हणून आमची यादी अकराची झाली. पुस्तकातल्या लोणच्याला मात्र कुणीच लोणचं मानेना. "ही काकडी आहे," असा एकमताने निकाल लागला.

शब्दाचाही घोळ होता. अळी म्हणायचं की सुरवंट? मराठीत बोलताना सुरवंट म्हटलं की अंगावर केस असलेला, लागला तर खाज आणणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. पुस्तकातल्या पात्राला थोडे केस आहेत, कुंडीतल्याला अजिबात नसतात. गुजराती मुलं दोघांनाही इयळ म्हणून मोकळी. आम्ही अळी ठरवलं. कोषाच्या बाबतीत मराठीने उलट सोय केली. इंग्रजीत रेशीम विणणाऱ्या पतंगाच्या कोषाला एक शब्द आणि फुलपाखराच्या कोषाला दुसरा, आणि कार्ल यांनी पहिला वापरला म्हणून जाणकार अजून नाक मुरडतात. आपला 'कोष' दोघांना पुरतो.

आता कुंडी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी कढीपत्ता तोडायला गेल्या आणि ओरडल्या, "ताई, पानावर पाखरू शिटलंय, आणि ते हलतंय!" लिंबाच्या फुलपाखराची पिल्लं. हे फुलपाखरू लिंबू-मोसंबीच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं, कढीपत्ताही त्याच कुळातला. लहान अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे कुणी खायला जात नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आणि छेडली तर डोक्यामागून नारिंगी-लाल दोन शिंगं बाहेर काढते, त्यांना उग्र वास येतो. हे मुलांना कळल्यावर मला त्या अळ्यांचं रक्षण करावं लागलं.

तीन अळ्या आम्ही काचेच्या मोठ्या बरणीत आणल्या, तोंडाला मलमल बांधली. तीन, हा आकडा मी ठरवला नव्हता, तेवढ्याच सापडल्या. पण चिकू जिथे अडला होता तो हाच आकडा.

पानं आणायचं काम पाळीपाळीने होतं. चिकूची पाळी मंगळवारी आली. "प्रत्येक अळीला एक पान आण," मी म्हटलं. तीन हा शब्द मी मुद्दाम उच्चारला नाही. तो अंगणात गेला, पावसाची भुरभुर होती, ओल्या हातात पानं चुरगाळत आला. मूठच होती, पण चिंचोक्यांसारखी भरगच्च नाही. बरणी जमिनीवर आडवी केली. त्याने पहिल्या अळीपुढे एक पान ठेवलं. दुसरीपुढे एक. तिसरी काठीच्या मागे होती, तिला शोधून तिच्यापुढे एक. मग हात उघडून बघितला. दोन पानं उरली होती.

तो बरणीकडे बघत राहिला. काठीच्या मागे पुन्हा बघितलं, बरणी थोडी फिरवली, खालून बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, ही दोन पानं कुणाची?"

'दोन' बरोबर होतं. ते त्याला येतच होतं. पण उरलेल्या पानांना मालक हवा हा प्रश्न त्याला याआधी कधी पडला नव्हता. चिंचोके मला देताना माझ्या बाजूला काहीच नव्हतं, पसरलेला एक हात फक्त. त्यात तीन पडले काय किंवा अकरा, कुणाचं काही अडत नव्हतं. इथे अळ्या होत्या, आणि प्रत्येकीला एक.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"उद्याची," तो म्हणाला, आणि ती खिशात घातली. दुसऱ्या दिवशी वाळून काळी झालेली तीच दोन पानं घेऊन आला, त्याच्या आईने ती धुवायच्या कपड्यांतून वाचवली होती. त्यात एक ताजं घालावं लागलं. का घालावं लागलं, ते त्याने मला समजावून सांगितलं.

तिथून मी बाकीचे खेळही त्याच साच्यात वळवले. "तीन दे" म्हणायचं नाही, जिथे तीन लागतात अशी जागा तयार करायची. तीन बाहुल्यांना तीन वाट्या. चार खुर्च्यांना चार आसनं. फळांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या टोपलीत आधीच खळगे, अळी आज चार खाणार असेल तर चार. खऱ्या फळांसाठी मी खंडेराव मार्केटला गेले होते. जुलैत पेअर आणि आलुबुखार मिळाले, स्ट्रॉबेरी अर्थातच नाही, ती पुठ्ठ्याचीच राहिली आणि तिला कुणी हरकत घेतली नाही.

या दुकानात सगळ्यात उपयोगी पडले ते आजोबा. ते अजून वहीसाठी अधूनमधून आठवण करून देत होतेच. चिकूच्या बाबांनाही पुढच्या वर्षीच्या शाळाप्रवेशाची धास्ती होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला बंदी आहे हे त्यांना माहीत होतं, पण धास्तीला कायदा कळत नाही. मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास दुकानदार व्हाल का? फक्त एक अट. मधूनमधून चुकायचं."

"म्हणजे?"

"तीन मागितले की चार द्यायचे. आणि ठामपणे म्हणायचं, हे तीन."

निवृत्त हिशेबनीस माणूस. हे त्यांना भलतंच जड गेलं. पहिल्या दिवशी चुकले की स्वतःच दुरुस्त करायचे. तिसऱ्या वेळी मात्र रंगात आले. चिकूने तीन आलुबुखार मागितले, आजोबांनी चार टोपलीत टाकले आणि वर चिंचोक्यांतला भाव वाढवला, दुकानात पैसे म्हणून चिंचोकेच चालायचे. टोपलीत खळगे तीन. चौथं फळ खळग्यांवर डगमगत राहिलं. चिकूने ते उचलून परत केलं. "आजोबा, तुम्हाला मोजता येत नाही?" आजोबांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. जूनमध्ये दारात उभे होते त्यापेक्षा त्यांचा चेहरा जास्त फुलला होता. वहीचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही, बाबांनी मात्र काढला.

अळ्यांचं पुढे काय झालं ते मुलांच्या दृष्टीने मुख्य. एका सकाळी बरणीत दोनच होत्या, मलमल एका बाजूने सुटली होती. चिकू तीन पानं घेऊन आला होता, आणि हे तीन त्याने अंगणातच मोजून आणले होते, मावशी साक्षीदार. एक पान उरलं. "एक कुठे गेली?" सगळा वर्ग शोधायला लागला. सापडली नाही. त्या दिवशी पोरं खाली बसायलाही घाबरत होती. चार दिवसांनी ठोकळ्यांच्या खोक्याच्या मागच्या बाजूला सापडली, म्हणजे तिचा कोष सापडला, पुठ्ठ्यासारखाच तपकिरी. बरणीत काठीवर झालेले दोन्ही कोष हिरवे होते. शेपटाशी चिकटवलेले आणि कमरेला रेशमाचा एकच धागा, झाडावर चढणाऱ्या माणसाच्या दोरासारखा.

पुस्तकातली अळी दोन आठवड्यांहून जास्त कोषात राहते. आमच्याकडे किती, ते मोजायला रोज एक चिंचोका बाटलीत. शनिवार-रविवार सुटी, त्यामुळे सोमवारी तीन टाकायचे. का तीन, यावर सोमवारी बरीच चर्चा झाली. हे कोड्यासारखं मी योजलं नव्हतं, सुटीने घडवलं. शेवटी बाटलीत नऊ झाले आणि पहिला कोष फुटला, तो नेमका रविवारी, कुणी नसताना. सोमवारी मुलांना रिकामं टरफल मिळालं, बाटलीत आता किती चिंचोके टाकायचे यावरून वाद झाला, आणि दोन मुलं रडली. दुसरा बुधवारी, वर्ग चालू असताना, साडेनवाच्या सुमारास. पंख ओल्या फडक्यासारखे चुरगाळलेले. ते हळूहळू भरत जातात आणि मग फुलपाखरू बराच वेळ नुसतं लटकून राहतं. मला वाटलं होतं हा क्षण सगळ्यांना खिळवून ठेवेल. चिकू दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "ताई, डबा?"

खोक्यावरचा तपकिरी कोष फुटला नाही. काळा पडला. मी तो काही दिवस तसाच ठेवला, मग मुलांनी तुळशीजवळ पुरला.

एक खेळ मी मोजणीसाठी केला नव्हता, तरी इथे लिहिते. गोधडी. एकेका मुलाला गोधडीत गुंडाळायचं, डोकं बाहेर, बाकीच्यांनी आजूबाजूला बसून कुजबुजत दहापर्यंत म्हणायचं आणि मग हळूच उलगडायचं. धडपडी मुलंही आत निवांत पडून राहतात. चिकूला चारदा हवं होतं. पाचव्यांदा मी नाही म्हटलं तर म्हणाला, "चारच झालं?" आणि बोटं दाखवली, चार. मी खरंच मोजलं नव्हतं. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, चार.

तीन आठवड्यांनी, वाटी आणि चिंचोके घेऊन मी पुन्हा बसले, तसंच शांतपणे. तीन: दिले, तीनही वेळा. चार: तीनदा विचारलं, दोनदा बरोबर. पाच: मूठ. म्हणजे दोन ते साधारण साडेतीन, इतकंच अंतर. यातलं किती अळ्यांमुळे, किती आजोबांमुळे आणि किती नुसते तीन आठवडे वय वाढल्यामुळे, हे सांगायला माझ्याकडे दुसरा तसाच चिकू नाही. एक फरक मला दिसला तो आकड्यात बसत नाही. पाच देताना त्याने मूठ भरली, माझ्या हातावर ठेवली, आणि मग माझ्या हाताकडे बघत राहिला. जूनमध्ये तो दिल्यावर बघत नव्हता.

आणि एक चूक, माझी. मोठ्या वेणीवाल्या मुलीला पहिल्या दिवसापासून दहाच्या दहा नीट देता येत होते. तीन आठवडे मी तिला दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभं केलं आणि चिकूकडे बघत बसले. तिने दुसऱ्या आठवड्यात विचारलं होतं, अळीने सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सगळी मिळून किती फळं खाल्ली? मी म्हटलं, "नंतर बघू हं." ती घरी गेली आणि आईच्या मदतीने पतंगाच्या कागदावर पंधरा ठिपके काढून आणले. तो कागद मी खळीच्या डब्याखाली ठेवला आणि विसरले. दिवाळीच्या साफसफाईत सापडला, खळीने डब्याला चिकटलेला.

दिवाळीच्या सुटीआधी चिकूला मी पुन्हा विचारलं. पाच दिले. सहा दिले, एकेक काढून, ओठ हलवत, आणि शेवटी एकदा परत मोजून. सात मागितले तर सहावर थांबला, वाटीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, सगळे परत वाटीत ओतले आणि म्हणाला, "थांबा, परत देतो." दारात आजोबा छत्री मिटून उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि मीही घाई केली नाही.